रोल धुणे : डेव्हलपर, डाग आणि मागे घेतलेले एक विधान

आपल्याकडे फोटो 'काढतात', रोल 'धुतात' आणि मग त्याच्या 'कॉप्या काढतात'. रोल धुवायला टाकला, धुऊन आला, असेच आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. खरे तर फिल्म धुतली जाते ती सगळ्यात शेवटी, हायपोतून बाहेर काढल्यावर. त्याआधी अंधारात जे घडते, म्हणजे प्रकाशाच्या न दिसणाऱ्या खुणेची दिसणारी चांदी होणे, त्याला आपल्या बोलीत स्वतंत्र क्रियापद नाही. 'विकासक' हा प्रतिशब्द होता, पण तो आता इमारती बांधणाऱ्यांनी नेला.

हे निव्वळ भाषेचे कौतुक म्हणून मी सांगत नाही. छायाचित्रांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातही डेव्हलपर असाच धुतला जातो. चौकट, प्रकाश, नेमका क्षण, समोरच्या माणसाचे डोळे, यांविषयी आपण लिहितो. तो काळा रंग इतका काळा कसा झाला, हे विचारत नाही. याच्या उलट टोकाला घरच्या घरी डार्करूम करणाऱ्यांची जमात आहे. तिला डेव्हलपरखेरीज दुसरे काही दिसत नाही. अमुक द्रावणाने पांढरा 'उजळतो', तमुक द्रावणाने राखाडी छटा 'गातात'. मी या दोन्ही घरांत राहिलो आहे, आणि दोन्हीकडच्या खोडी घेऊन एकदा मोठी चूक केली आहे. या लेखाचे निमित्त ती चूक आहे.

अकरा वर्षांपूर्वी एका लहान नियतकालिकात मी एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकारावर लेख लिहिला होता. वेस्टनने १९३० साली पत्र्याच्या फनेलमध्ये ठेवून टिपलेली ढोबळी मिरची पुष्कळांनी पाहिलेली असते. 'पेपर नंबर ३०' या नावाने ती ओळखली जाते. माणसाच्या पाठीसारखी वळलेली, कडांवरून उजेड ओघळणारी. माझे विधान असे होते, की त्या मिरचीवरचा उजेड पायरोचा आहे. वेस्टन आपल्या निगेटिव्ह पायरोगॅलॉलच्या 'ए-बी-सी' द्रावणात करीत असे. पायरोमुळे निगेटिव्हवर एक पिवळसर-तपकिरी डाग राहतो, तो डाग उजळ भागांना सांभाळून घेतो आणि म्हणून तिथे पांढऱ्याचा नुसता गोळा न होता छटा टिकतात, असे मी लिहिले. पुरावा म्हणून स्वतःचा प्रयोग सांगितला. एकाच वाड्याची चुन्याची भिंत आणि काळ्या दगडाचा ओटा मी एफपी-४ प्लसच्या दोन रोलांवर टिपला होता. एक रोल डी-७६ मध्ये केला, दुसरा पीएमके या पायरोच्या द्रावणात. दुसऱ्याची प्रिंट उघडच सरस होती. पाहणारा प्रत्येक जण तिच्याकडेच बोट दाखवी.

लेख छापून आल्यावर एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक होते. सप्रेम नमस्कारानंतर एकच प्रश्न होता : आपण दोन्ही रोलांना एक्स्पोजर सारखेच दिले होते काय?

दिले नव्हते. पायरोत फिल्मचा वेग थोडा घटतो, तेव्हा १२५ ची फिल्म ६४ ची समजून वापरावी, असा सल्ला मी वाचला होता आणि तो पाळला होता. डी-७६ चा रोल मात्र डब्यावरच्या १२५ ला वापरला. म्हणजे पायरोच्या रोलला जवळजवळ दुप्पट प्रकाश मिळाला होता. ओट्याच्या काळ्या दगडातली टाकीची एकेक खूण ज्या प्रिंटमध्ये दिसत होती, तिचे श्रेय द्रावणाचे नसून शटरचे होते. सावलीतला तपशील एकदा फिल्मवर उतरलाच नाही, तर कोणतेही द्रावण तो आणू शकत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही मी ते लिहून बसलो. त्या कार्डाला उत्तर द्यायला मला धीर झाला नाही.

असे का झाले याचा विचार करताना मी पुन्हा या विषयावरच्या पुस्तकांकडे वळलो. माझे शिक्षण पुस्तकांवरच झाले. कोणा गुरूच्या डार्करूममध्ये मी उभा राहिलेलो नाही. म्हणून पुस्तकांनी मला काय शिकवले आणि काय शिकवले नाही, हे तपासणे मला गरजेचे वाटले.

डेव्हलपरची पुस्तके ही पाकशास्त्राची पुस्तके असतात. स्टीव्ह अँचेल आणि बिल ट्रूप यांच्या १९९८ च्या पुस्तकाने तर नावातच 'कुकबुक' हा शब्द घेतला आहे. आणि पाककृती वाचण्याचा एक आनंद असतोच. डी-७६ ची कृती घ्या. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफने १९२७ साली सिनेमाच्या फिल्मसाठी ती बसवली आणि आज शंभरी जवळ आली तरी सगळे जग इतर द्रावणे तिच्याशीच ताडून पाहते. इलफर्डचे आयडी-११ म्हणजे वेगळ्या नावाने तेच. यातून हायड्रोक्विनोन आणि बोरॅक्स काढून टाका, मेटॉल साडेसात ग्रॅम करा, की झाले डी-२३. दोनच पदार्थ. घरी सुरुवात करणाऱ्याने तेच करावे असे माझे मत आहे, कारण त्यात बिघडण्यासारखे फार काही नाही.

या कृतींत लक्ष द्यायची वस्तू म्हणजे ते १०० ग्रॅम सल्फाइट. बाकीचे पदार्थ चिमूटभर आणि हा ओंजळभर. सल्फाइट द्रावणाला हवेपासून वाचवते, हे त्याचे पहिले काम. पण इतक्या प्रमाणात असले, की ते चांदीच्या दाण्याच्या कडाही थोड्या विरघळवते. दाणा मऊ होतो, बारीक वाटतो आणि रेषेची धार किंचित जाते. तेच द्रावण एकास तीन पाण्यात पातळ केले, तर लिटरमागे सल्फाइट २५ ग्रॅम उरते. विरघळवण्याचे काम जवळपास थांबते, दाणा उघडा पडतो, कडा टोकदार होतात. वेळ मात्र वाढतो. एचपी-५ प्लसला घट्ट आयडी-११ मध्ये २० अंशाला साडेसात मिनिटे लागतात, एकास तीनमध्ये २० मिनिटे. म्हणजे बाटली तीच, पावडर तीच आणि दोन वेगळे स्वभाव. नवे द्रावण शोधत फिरणाऱ्या हौशी माणसाने आधी घरच्या बाटलीत पाणी घालून पाहावे.

इथपर्यंत पुस्तके चांगली आहेत. जिथे ग्रॅम संपतात आणि विशेषणे सुरू होतात तिथे ती घसरतात. 'चमकदार', 'मखमली', 'वातावरण असलेला'. हे शब्द ज्या प्रिंटवरून सुचले, तिला एक्स्पोजर किती होते, पेपर कोणता होता, डब्बा किती वेळा हलवला, हे बहुधा सांगितलेले नसते. माझ्या चुकीचे बी तिथे आहे. विशेषण मी आधी वाचले आणि मग ते शोधायला गेलो. शोधणाऱ्याला ते सापडतेच.

आणि तापमान. सगळी कोष्टके २० अंश सेल्सियसची. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी बत्तीसच्या खाली येत नाही. उष्ण प्रदेशांसाठी कोडॅकने डीके-१५ सारखी वेगळी द्रावणे काढली होती. त्यांत जिलेटिन फुगून फिल्म ढिली पडू नये म्हणून सोडियम सल्फेट घालत. मी मात्र माठातले पाणी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला बर्फ यांवर भागवले. टब चोवीस अंशांवर धरायचा आणि वेळ तेवढा कमी करायचा. जुन्या प्रयोगात दोन्ही रोल वेगवेगळ्या दिवशी केले होते. तापमानाची नोंद एकाचीच आहे. वर डी-७६ ची ती बाटली दिवाळीच्या सुट्टीत मिसळलेली आणि वापरली फेब्रुवारीत. ठेवून दिलेल्या डी-७६ मध्ये हायड्रोक्विनोन आणि सल्फाइट यांच्या हळूहळू होणाऱ्या क्रियेने अल्कली वाढते आणि द्रावण मूळच्यापेक्षा तिखट होते. त्या रोलची भिंत प्रिंटमध्ये कोरी पांढरी का आली, याचे कारण बहुधा तेही असावे. मी मात्र सारा दोष डी-७६ च्या 'रुक्ष स्वभावावर' टाकला होता.

अॅन्सेल अॅडम्सचे 'द निगेटिव्ह' हे पुस्तक या साऱ्याला अपवाद मानले जाते, आणि बऱ्याच अंशी ते आहेही. १९४८ साली ते प्रथम आले, १९८१ साली नव्याने लिहिले गेले. एक्स्पोजर, डेव्हलपिंग आणि प्रिंट ही एकाच वाक्याची तीन पदे आहेत, हे त्यातून जितके पक्के कळते तितके दुसरीकडून कळलेले मला आठवत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. अॅडम्सची झोनची पद्धत मुळात सुट्या शीट फिल्मची आहे. प्रत्येक दृश्याला स्वतःचे डेव्हलपिंग मिळते. छत्तीस फोटोंचा रोल वापरणाऱ्याला ही चैन नाही. सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन एकाच डब्यात, एकाच वेळेत न्हातात. अॅडम्स रोलवाल्यांना सांगतो ती तडजोड, आणि ती वाचताना आपण पाहुण्यांच्या पंगतीत उशिरा बसलो आहोत असे वाटत राहते.

पण डेव्हलपरला किती श्रेय द्यायचे, याचा सर्वात चांगला दाखला अॅडम्सनेच ठेवला आहे. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय त्याने १९४१ साली टिपला. उजेड मावळत होता, मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता पाठ होती तीवरून त्याने एक्स्पोजर ठरवले. निगेटिव्ह डी-२३ पातळ करून, मध्ये मध्ये साध्या पाण्यात निश्चल ठेवून डेव्हलप केली, जेणेकरून चंद्र जळू नये आणि क्रूस असलेल्या दफनभूमीला वेळ मिळावा. अशी काळजी घेऊनही खालचा भाग पातळच राहिला आणि १९४८ साली त्याने निगेटिव्हच्या त्या भागाला रसायनाने गडद करून घेतले. आता प्रिंट पाहा. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश राखाडी आहे, त्यात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. पुढच्या दशकांतल्या प्रिंटांत तेच आकाश जवळजवळ निखळ काळे झाले आहे. निगेटिव्ह एकच, डेव्हलपर एकच. जो काळा रंग पाहून आपण स्तब्ध होतो, तो एन्लार्जरखाली आणि काळाच्या ओघात तयार झालेला आहे. डी-२३ ने केले ते एवढेच, की तो निर्णय पुढे कधी तरी घेता येईल इतकी सामग्री शिल्लक ठेवली. डेव्हलपरकडून याहून जास्त मागू नये आणि याहून कमीही मानू नये, असे मला आता वाटते.

गेल्या दोन हिवाळ्यांत मी तो वाडा पुन्हा टिपला. भिंतीला मधल्या काळात ऑइलपेंट लागला आहे, तेव्हा दुसरी चुन्याची भिंत शोधावी लागली. काळा ओटा आपल्याकडे कुठेही मिळतो. या वेळी कॅमेरा तिकाटण्यावर, सगळा रोल एकाच दृश्याचा, सगळे एक्स्पोजर ६४ चे. रोल चेंजिंग बॅगेत मधोमध कापायचा. अर्धा ताज्या डी-७६ मध्ये, अर्धा पीएमकेमध्ये. गॉर्डन हचिंग्जची ही कृती आहे. पायरो आणि मेटॉल एका बाटलीत, सोडियम मेटाबोरेट दुसरीत, एकास दोन या प्रमाणात शंभर भाग पाण्यात. (पायरो विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि पावडर तोलताना पंखा बंद ठेवावा. मी सुरुवातीला दोन्ही केले नव्हते.) वेळा जुळवायला सात रोल गेले. प्रकाशाची घनता मोजायचे यंत्र माझ्याकडे नाही, आणि इथे ते नव्हते हे बरे झाले. पायरोची निगेटिव्ह डोळ्यांना पातळ दिसते. तिच्यातल्या पिवळ्या डागाची जाडी डोळ्यांना जाणवत नाही, पण निळ्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या पेपरला ती पुरती जाणवते. म्हणून डोळ्यावर विसंबता येत नाही, पेपरवरच पाहावे लागते. काळा ओटा नुकताच काळ्यात मिळेल आणि मधली राखाडी सारखी येईल, अशा प्रिंट दोन्हींच्या काढल्या.

जोड्या करून मागे खुणा केल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवल्या. कोणत्याही जोडीवर सर्वांचे एकमत झाले नाही. पूर्वी प्रत्येक जण ज्या प्रिंटकडे बोट दाखवी, ती आता ओळखू येत नव्हती. मलाही नाही. भिंग घेतल्यावर दोन गोष्टी दिसल्या. आकाशातला दाणा पायरोच्या प्रिंटमध्ये कमी बोचतो, कारण दाण्यांमधल्या फटी डागाने बुजतात. आणि चुन्याच्या सर्वात उजळ भागात, जिथे डी-७६ ची प्रिंट कोऱ्या कागदाला टेकते, तिथे पायरोच्या प्रिंटमध्ये कुंच्याचे फटकारे अजून दिसतात. फरक आहे. पण तो तळहाताएवढ्या जागेतला आहे.

इथे मी थांबलो असतो आणि वेस्टनविषयीचे विधान थोडे सौम्य करून पुन्हा छापले असते. पण उजळ भाग सांभाळले जातात ते कशामुळे, हा प्रश्न राहिला होता. आज आपण वापरतो तो पेपर बहुतेक व्हेरिएबल कॉन्ट्रास्टचा. त्यात निळ्या प्रकाशाला एक लेप कडक प्रतिसाद देतो आणि हिरव्या प्रकाशाला दुसरा, मवाळ. पायरोचा पिवळसर डाग निगेटिव्हच्या दाट भागात, म्हणजे दृश्यातल्या उजळ जागी, सर्वात गडद असतो आणि निळा प्रकाश अडवतो. तिथे पेपरचा मवाळ लेपच काम करतो. म्हणजे डाग हा जागेनुसार बदलणारा फिल्टर झाला. कुंच्याचे फटकारे वाचले ते या फिल्टरने.

इलफर्डचा मल्टिग्रेड पेपर बाजारात आला १९४० साली. मिरची १९३० ची.

वेस्टनचा पेपर एकाच, ठरावीक कॉन्ट्रास्टचा होता. तशा पेपरवर डाग फिल्टर म्हणून मवाळ करीत नाही. निळा अडवून तो नुसती घनता वाढवतो, आणि जिथे चांदी जास्त तिथे जास्त वाढवतो. परिणाम उलट : कॉन्ट्रास्ट चढतो. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळालेल्या जुन्या ग्रेडेड पेपरचे एक पाकीट माझ्याकडे होते. मुदत कधीच टळलेली, कडांना करडे धुके धरलेले. त्यातली सहा पाने वापरण्यालायक निघाली. त्याच दोन निगेटिव्ह त्यांवर टाकल्या. मल्टिग्रेडवर जी पायरोची भिंत मवाळ येत होती, ती इथे डी-७६ च्या भिंतीच्या आधी कोरी झाली. सहा पाने हा काही मोठा पुरावा नव्हे आणि धुके धरलेला पेपर हा चांगला साक्षीदार नव्हे, हे मान्य. पण सिद्धान्त सांगतो त्याच दिशेने तो बोलला.

दाणा बुजण्याचा दुसरा गुण तर वेस्टनच्या बाबतीत निरर्थक आहे. त्याची निगेटिव्ह आठ बाय दहा इंचांची आणि प्रिंट कॉन्टॅक्टची, निगेटिव्ह पेपरवर थेट ठेवून काढलेली. एन्लार्जर मध्ये नाहीच. जो दाणा मोठा केलाच नाही, तो बुजवायचा कशाला?

मग त्या मिरचीवरचा उजेड कुठला? फनेलच्या उताराने सगळ्या बाजूंनी परतून येणारा, कडक सावली न पाडणारा. ती फनेल हीच त्या छायाचित्राची खरी डार्करूम आहे. छटा कॅमेऱ्याच्या आधीच मवाळ झाल्या होत्या. अशा सपाट उजेडाला थोडा कॉन्ट्रास्ट चढवून देणारे द्रावण आणि ठरावीक पेपर, ही जोडी वेस्टनला सोयीची झाली असणार. म्हणजे मी जे लिहिले होते त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूने. पायरोने उजेड आवरला नाही. आवरलेल्या उजेडाला त्याने धार दिली.

हे मी आज अनुमान म्हणून मांडतो आहे, विधान म्हणून नाही. वेस्टनची मूळ निगेटिव्ह मी हातात घेतलेली नाही, ए-बी-सी द्रावण पीएमकेहून वेगळे आहे आणि दोन्हींचे डागही एका रंगाचे नाहीत. एफपी-४ प्लस ही १९३० ची फिल्मही नव्हे. तेवढ्या अंतराची जाणीव ठेवून अकरा वर्षांपूर्वीचे विधान मात्र मी पूर्णपणे मागे घेतो. त्या लेखातला वेस्टनच्या आयुष्याविषयीचा भाग राहू द्यावा. 'पायरोचा उजेड' हा परिच्छेद वाचकांनी खोडावा.

पोस्टकार्ड पाठवणाऱ्या गुरुजींना मी यंदा श्रावणात उत्तर लिहिले. सोबत दोन जोड्या पाठवल्या, एक मल्टिग्रेडवरची, एक जुन्या पेपरवरची, मागे एक्स्पोजर, तापमान आणि द्रावण मिसळल्याची तारीख लिहून. पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा होता. पाकीट परत आलेले नाही.